ऑर्केस्ट्रातला 'घर्र डबा' आणि आमचे रेडिओ मिस्त्री

भालकी, बसवकल्याण, उदगीर भागात ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात गणपतीतले ऑर्केस्ट्रे ऐकलेत, त्यांना तो आवाज आठवत असेल. (उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होतं, म्हणून आपल्यातच धरतो.) गिटारवाला पायाखालचं बटण दाबायचा आणि भोंगा फाटल्यासारखा घर्र आवाज निघायचा. पोरं शिट्ट्या मारायची. गिटारवाले त्याला 'फझ' म्हणत, आम्ही घर्र डबा.

या आवाजाचा जन्मच बिघाडातून झाला. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना यंत्रातला एक भाग बिघडला आणि बेस गिटार खरखरली. ती खरखर तशीच ठेवली. गाणं १९६१ साली आलं आणि गाजलं. १९६२ मध्ये तोच आवाज मुद्दाम काढणारा डबा बाजारात आला, आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'नं तो जगभर नेला. पुढच्याच वर्षी विलायतेत गोल तव्यासारखा 'फझ फेस' निघाला.

आता आपल्याकडची गोष्ट. फझ फेस उघडला तर आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर आणि दोन व्हॉल्यूम. बस्स! त्यातले ट्रान्झिस्टर बऱ्याचदा जर्मेनियमचे, एसी १२८ जातीचे. हाच एसी १२८ आपल्या घरातल्या ट्रान्झिस्टर रेडिओत स्पीकरला ताकद द्यायला जोडीनं बसायचा, आणि बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स तो बनवायची. म्हणजे ज्या मिस्त्रीच्या डबीत रेडिओचे पार्ट पडलेले असायचे, त्याला विलायती फझ दुरुस्त करायला मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठायची गरज नव्हती. त्याला गिटारचा 'ग' येत नसला तरी चालायचं.

आमच्या मामांचा असाच डबा परवा माळ्यावरून निघाला. भाचा म्हणाला, "बंद आहे, भंगारात देऊ." एकानं तर अडॅप्टर लावायला घेतला होता. थांबवलं म्हणून वाचला. अशा जुन्या जर्मेनियम डब्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. हल्लीच्या सवयीनं उलटं जोडलं की ट्रान्झिस्टर जातो.

मिस्त्री लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आदी सेल बघ की, मग पेचकस घे." नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी नवी असताना साडेनऊच्या आसपास दाखवते. पण नुसती मीटरवर बघून उपयोग नाही. थकलेली बॅटरी रिकामी असताना नऊ दाखवते आणि काम पडलं की बसते. म्हणून डबा चालू ठेवून मोजायची. शिवाय यात दिवा नसतो, आणि गिटारची पिन खोचली की करंट सुरू. पिन काढायची विसरलात तर बॅटरी उगाच उतरत राहते.

मामांच्या डब्यातली बॅटरी फुटून टोपीवर पांढरा-हिरवा चुरा साचला होता. जुनी साधी बॅटरी आंबट पाणी सोडते, तिला खायच्या सोड्याचं ओलं फडकं. अल्कलाइन असेल तर उलटं, लिंबू. मग स्पिरिट, मग कोरडं. एक वायर तुटली होती, तिला डाग दिला. व्हॉल्यूम खरखरत होता, त्यात थोडा स्प्रे. ट्रान्झिस्टरला हात लावला नाही. आवाज त्यांच्यातच आहे.

तरी दुपारी पत्र्याखाली वाजवला तर आवाज तुटक, पिचका. रात्री अंगणात वाजवला तर भरदार! जर्मेनियमला ऊन सोसत नाही. गरम झाला की आतून करंट गळतो. मे महिन्यात कलबुर्गीकडच्या लग्नांत गिटारवाले डब्यावर ओलं फडकं का टाकायचे, ते आत्ता कळलं.

भाच्यानं भंगाराचा विषय सोडलाय. डबा चालू आहे, बॅटरी काढून वेगळी ठेवलीय. फक्त दुसरा ट्रान्झिस्टर जरा म्हातारा वाटतो. कुणाच्या घरी बंद पडलेला जुना रेडिओ असेल आणि आत एसी १२८ दिसले, तर फेकू नका, खाली लिहा. आणि त्या काळी भालकीत गिटार कोण कोण वाजवायचं, तेही सांगा.