चहाचे डबे आणि कपबशीचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस चहावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण इतिहास दप्तरखान्यात सापडतो तसा स्वयंपाकघराच्या फडताळातही सापडतो. आज आम्ही आमच्या फडताळातून बोलणार आहोत.

निवृत्तीनंतर आमच्या घरी चहाचे डबे साठत गेले. जुना विद्यार्थी दार्जिलिंगला जाऊन आला की एक पुडा, मुलगा सिंगापूरहून आला की एक चिनी डबा, उटीची सहल झाली की निलगिरीचा. मागच्या वर्षी मोजदाद केली तर एकोणीस निघाले. चहा काही लोणच्यासारखा मुरत नाही. बहुतेक चहा ठेवून ठेवून मरतो, आणि शेजारी हिंगाची डबी असेल तर हिंगाचा वास घेऊन मरतो. तेव्हा घरात ठराव पास झाला: नवा डबा आणायचा नाही, आहेत ते संपवायचे. दर रविवारी सकाळी एक डबा उघडायचा, घरात जो कोणी असेल त्या प्रत्येकाने प्यायचा आणि आपलं मत द्यायचं. सौ., मुलगा घरी असेल तर तो, सूनबाई, नात आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, असं आमचं पंचमंडळ.

या पंचांचं चवीबाबत एकदाही एकमत झालं नाही. पण हे करता करता आमच्या असं ध्यानात आलं, की चहाची चव हा आपल्या समाजाला कधीच मोठा प्रश्न वाटला नाही. चहा कुणाच्या हातचा घ्यायचा, कुणाच्या पंक्तीला बसून घ्यायचा आणि कुणाच्या कपातून, यावर मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो. आज आधी तीन डबे उघडू, आणि मग त्या भांडणाकडे वळू.

पहिला डबा आसामचा. अखंड पानाचा, काळसर, मध्ये मध्ये सोनेरी टोकं असलेला. उकळतं पाणी घालून चार मिनिटं ठेवला की तांबूस, भरदार चहा उतरतो. आमच्या मुलाचा हा आवडता. शाळेच्या पुस्तकात आपण वाचलं, की आसामातलं चहाचं झाड रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाने १८२३ मध्ये शोधलं. आता 'शोधलं' हा शब्द जरा तपासून घ्या. तिथले सिंगफो लोक ते पान आधीपासून वापरत होते. त्यांचा प्रमुख बेसा गाम याने ते झाड ब्रूसला दाखवलं, आणि त्या दोघांची गाठ घालून दिली मणिराम दिवाण यांनी. १८३९ मध्ये आसामच्या चहाचा लंडनला लिलाव झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी उभी राहिली. मणिराम पुढे या कंपनीचे दिवाण झाले, मग नोकरी सोडून त्यांनी स्वतःचे मळे काढले. चहाचे मळे काढणारे ते पहिले भारतीय. १८५७ च्या उठावात सामील झाल्याच्या आरोपावरून १८५८ च्या फेब्रुवारीत जोरहाटला त्यांना फाशी दिली गेली.

आणि मळ्यांवर राबलं कोण? छोटा नागपूरच्या पठारावरून, संथाळ परगण्यातून, ओडिशातून करारावर नेलेली आदिवासी आणि गरीब माणसं. १८६५ च्या कायद्याने मळेवाल्याला असा अधिकार दिला, की पळून जाणाऱ्या मजुराला त्याने वॉरंटाशिवाय धरावं. म्हणजे बघा, मालक स्वतःच फौजदार. १९२१ च्या मे महिन्यात चरगोला खोऱ्यातल्या हजारो मजुरांनी मळे सोडले आणि गावी परतायला ते आज बांगलादेशात असलेल्या चांदपूरपर्यंत पोहोचले. तिथे रेल्वे स्टेशनवर रात्री झोपलेल्या त्या माणसांवर गुरखा शिपाई घातले गेले. हे सांगितलं तेव्हा आमच्या नातीने हातातला कप खाली ठेवला. तिला म्हटलं, बाळ, चहा पी. फक्त तो झाडावरून थेट डब्यात पडला असं समजू नकोस.

दुसरा डबा दार्जिलिंगचा, पहिल्या बहराचा, म्हणजे मार्च-एप्रिलच्या तोडणीचा. इथलं झुडूप चिनी जातीचं. बारीक पानाचं, थंडी सोसणारं. १८४१ मध्ये डॉ. कॅम्पबेल यांनी तिथे रोपं लावून पाहिली, आणि मग दशकाभरात रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतितज्ज्ञाने वेश पालटून चीनमधून रोपं, बियाणं आणि कसबी माणसं हिंदुस्थानात आणली. चीनने शतकानुशतकं राखलेलं कसब असं बाहेर पडलं. आज गंमत अशी, की भारतात पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं ते दार्जिलिंगच्या चहालाच, २००४ मध्ये. म्हणजे एके काळी उचलून आणलेल्या रोपाच्या नावाची आता कुणी नक्कल करू नये, म्हणून कायद्याचं कुंपण घातलं आहे. यात ढोंग आहे असं आम्हाला वाटत नाही. त्या डोंगरावरची माती, धुकं आणि तोडणाऱ्या बायकांची बोटं यांनी चव बदलली, ती आता तिथलीच झाली. वस्तू कुठून आली आणि कुठली झाली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सूनबाईंचा हा आवडता. कपाला दोन ग्रॅम पान, उकळी बसल्यावर जरा थांबलेलं पाणी, तीन मिनिटं. दूध नाही, साखर नाही. मावशींनी घोट घेतला आणि निकाल दिला, "सर, हे तर आजाऱ्याला द्यायचं पाणी झालं." आमच्या पंचमंडळात कोणाचंही मत बाद होत नाही. तेही वहीत लिहिलं गेलं.

तिसरा डबा रोजचा. ज्याला आपण चहापूड म्हणतो, तो. पान कोमेजवून, दातेरी रुळांत चुरडून, फाडून, त्याची गोळी करतात. हे सीटीसी यंत्र १९३० च्या सुमारास आसामच्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर यांनी काढलं. अखंड पानापेक्षा ही गोळी भराभर रंग सोडते, कडक होते, दूध-साखरेला पुरून उरते आणि किलोमागे कितीतरी जास्त कप देते. स्वातंत्र्यानंतर ही पद्धत देशभर पसरली. आज भारतात होणारा बहुतांश चहा सीटीसीच आहे. गरिबाच्या चुलीपर्यंत चहा पोहोचला तो या गोळीमुळे. सौ. आणि मावशी या दोघींचा कौल इथे एक झाला: आलं ठेचून, पातेल्यात, दोन उकळ्या. वर त्या दोघींनी आम्हालाच ऐकवलं, की बाकीचे अठरा डबे म्हणजे शोभेचे.

आता असा प्रश्न येतो, की हा चहा आपल्या घरात शिरला कधी? तुरळक ओळख जुनी आहे. १६८९ मध्ये सुरतेला असलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन लिहितो, की तिथले लोक चहा मसाला घालून उकळतात आणि डोकेदुखी-पोटदुखीवर घेतात. खडीसाखर घालूनही घेतात. म्हणजे पान चीनचं, पण मसाल्याचा हात तेव्हापासून आपलाच. तरी तो औषध होता किंवा श्रीमंतांची हौस होती. घरोघरचं पेय तो विसाव्या शतकात झाला, आणि आपोआप झाला नाही. १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर उपकर बसवणारा कायदा झाला. त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे, विशेषतः १९३० च्या मंदीत परदेशी भाव कोसळले, तेव्हा मळेवाल्यांचं लक्ष इथल्या गिऱ्हाइकाकडे वळलं. बाजारात फुकट कप, रेल्वे स्टेशनांवर देशी भाषांतल्या पाट्या, कारखान्यांत चहाचे ठेले. पाट्यांवर कृतीही असे: किटलीत पान, वर उकळतं पाणी, दूध मागून. आपण पाटी वाचली, चहा घेतला आणि कृती सोडून दिली! सगळं एकाच पातेल्यात घालून उकळलं.

विरोधही झाला. गांधीजींनी आगाखान पॅलेसमधल्या स्थानबद्धतेत, म्हणजे आपल्या पुण्यात, आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्यात चहाची शरीराला गरज नाही असं बजावलं. आणि १९४७ च्या सुमारास चहाच्या जाहिरातीत चरखा चालवणारी स्त्री अवतरली. चहा शंभर टक्के स्वदेशी! जाहिरात गांधीजींपेक्षा जास्त लोकांनी ऐकली, हे उघड आहे.

आता भांडणाकडे येऊ.

ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. नंतर चहा-बिस्किटं आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी चहा प्यायले, कुणी नुसता कप हातात घेतला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी उपस्थितांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. मग गदारोळ! ख्रिस्त्यांच्या घरी चहा घेतला, धर्म बुडाला. सनातन्यांनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, शास्त्र्यांचं कमिशन बसलं, ग्रामण्य झालं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तरी बहिष्काराचा जाच त्यांच्या घराला सोसावा लागला. रानड्यांनी शेवटी १८९२ मध्ये मित्रांसाठी प्रायश्चित्त घेतलं. त्या प्रसंगाची घरातली बाजू रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. ती जरूर वाचा. एका कपाने घराघरांत किती ताण आला, ते त्यातून कळतं.

पण इथेच थांबलो तर इतिहास अर्धाच राहील. ज्यांना चहा घेतल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावं लागलं त्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांना चहा दिलाच गेला नाही, त्यांची नावं कोणत्या पत्रात छापली? गावच्या हॉटेलात त्यांची कपबशी बाहेर, वळचणीला खोचलेली. स्वतःच उचलायची, चहा वरून ओतला जायचा, पिऊन झालं की स्वतःच धुऊन परत खोचायची, आणि पैसे मात्र पूर्ण. दलित आत्मकथनं वाचणाऱ्याला हे सांगायला नको.

शहरात काही दारं उघडली. यझ्द-केरमानहून आलेल्या इराणी लोकांनी मुंबई-पुण्याच्या कोपऱ्या-कोपऱ्यांवर हॉटेलं काढली. संगमरवरी टेबल, ब्रून मस्का, बशीत ओतलेला चहा, आणि शेजारी कोण बसलं आहे याची विचारपूस नाही. पुण्यात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी अमृततुल्यं काढली. पितळी पातेलं, वेलची, आलं आणि दुकानाला देवाचं नाव. सोवळ्या पुण्याला बाहेर चहा प्यायची सवय लागली ती या देवनावांच्या आडोशाने, असं आमचं मत आहे. ते मत म्हणूनच घ्या.

आणि मग राज्यघटना. कलम १५ ने उपाहारगृहात जाण्याचा हक्क दिला, कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे अधिनियमात तर उपाहारगृहातली भांडी वापरू न देणं हा गुन्हा म्हणून स्वतंत्र लिहिला आहे. समता, न्याय हे शब्द आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवले. पण कायद्याला खाली उतरून भांड्याचं नाव घ्यावं लागलं, यातून त्या शब्दांचा अर्थ जितका कळतो तितका कोणत्याही ग्रंथातून कळत नाही.

कपाचं राजकारण संपलं का? अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांचं चहापान असतं आणि विरोधी पक्ष त्यावर बहिष्कार घालतो. हे आपण दरवर्षी वाचतो. सोबत चहा न घेणं म्हणजे काय, हे आपल्याला बरोब्बर कळतं. ते झालं मोठ्या माणसांचं. मध्यंतरी आमच्या नातीने विचारलं, "आजोबा, माझ्या मैत्रिणीच्या घरी कामवाल्या काकूंचा कप सिंकखाली वेगळा का ठेवतात?" १८९० साल किती लांब आहे, असं वाटणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. नातीला आम्ही पंचहौदापासून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्यांना माहीत असूनही ठेवतात?"

एकोणीसपैकी अकरा डबे आता संपले आहेत. अजून काश्मिरी काहवा, निलगिरी आणि एक धुरकट वासाचा चिनी चहा बाकी आहे, त्याला सौ.ने आधीच नाक मुरडलं आहे. तुमच्याही घरी असे विसरलेले पुडे असतील. ते उघडा. चांगला निघाला तर घरातल्या प्रत्येकाला द्या, आणि 'प्रत्येक' या शब्दात कोण कोण येतं ते कप मांडण्याआधी एकदा मोजून पाहा. कप सगळे एकाच मांडणीतले असू द्या.

पुढच्या व्याख्यानात साखरेवर बोलू. चहापेक्षा तिचा इतिहास कडू आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. बाहेर चहा तयार आहे, पण आधी प्रश्न.