इंजिन पुढे की मागे?

जुन्या स्पोर्ट्स कारच्या शौकिनांमध्ये एक वाद कधी मिटत नाही : जग्वार ई-टाइप श्रेष्ठ की पोर्शे 911? सौंदर्याचा कौल ज्याचा त्याने द्यावा. आम्हाला या वादात रस आहे तो दोन्ही गाड्यांची इंजिने विरुद्ध टोकांना आहेत म्हणून.

ई-टाइप मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. तिला आकार देणारे माल्कम सेयर मूळचे विमान कारखान्यातले; गाडीच्या अंगाचे वक्र ते गणिताने काढीत. लांबलचक नाकाखाली 3.8 लिटरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि चालक जवळजवळ मागच्या चाकांपाशी. त्यामुळे वजन पुढे-मागे साधारण निम्मे निम्मे. (ताशी 150 मैलांचा गाजलेला वेग खास तयार केलेल्या गाडीचा होता, हे शौकीन सहसा सांगत नाहीत!)

पोर्शेची गाडी सप्टेंबर 1963 मध्ये फ्रँकफर्टला मांडली गेली, ती 901 या नावाने. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे 1964 मध्ये ती 911 झाली. तिचे 2 लिटरचे, हवेने थंड होणारे इंजिन मागच्या आसाच्याही मागे होते. फोक्सवॅगन बीटलपासून चालत आलेला हा घराण्याचा वारसा. याचा फायदाही आहे : वजन चालक चाकांवर पडते, म्हणून निघताना चाके घसरत नाहीत.

तोटा वळणावर कळतो. बॅडमिंटनचे फूल पिसे पुढे करून फेकून पाहा. ते हवेतच उलटते आणि जड बूच पुढे येते. तिथे हवेचा रोध, इथे टायरचे घर्षण. पण जड टोकाची पुढे जाण्याची ओढ तीच. वळताना जड मागच्या भागाला अधिक अभिकेंद्री बल लागते आणि ते मागच्या टायरांनीच पुरवायचे असते. अशा वेळी घाबरून चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की भार पुढे सरकतो, मागच्या टायरांची पकड घटते आणि शेपूट बाहेर फेकले जाते. म्हणजे सावध होण्याची सहज क्रियाच घात करते. नवख्यांना ही गाडी भोवत असे ती यामुळे.

कंपनीचा पहिला उपाय आम्हाला फार आवडतो. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत सुमारे 11-11 किलोचे लोखंडी ठोकळे! खरी दुरुस्ती 1969 च्या मॉडेलमध्ये झाली. इंजिन जागीच ठेवून मागची चाके 57 मिलिमीटर मागे नेली.

संग्राहक मात्र आज त्या आधीच्या, आखूड गाड्या हौसेने शोधतात. ई-टाइपचे उत्पादन 1974 मध्ये थांबले. 911 अजून निघते. 1990 च्या दशकाअखेर तिचे इंजिन पाण्याने थंड होऊ लागले, पण जागा मागचीच राहिली.