पातळी चार म्हणजे जर्मनी नव्हे

शहापूर, आसनगाव, वासिंद, मुरबाड या पट्ट्यात दहावीनंतर आयटीआयची वाट धरणाऱ्या मुलांच्या घरी सध्या एक समजूत घट्ट बसली आहे. ती घरांपुरती राहिलेली नाही. कौशल्य विकासावर भाषणे करणारे अधिकारी आणि परदेशी भाषेचे वर्ग चालवणारे लोकही ती आपापल्या शब्दांत मांडतात. समजूत अशी: मुलाच्या प्रमाणपत्रावर राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातली पातळी छापलेली असते, ही पातळी एकदा युरोपच्या सामायिक पात्रता आराखड्याशी जोडून घेतली की युरोपात नोकरीचा रस्ता मोकळा. उरते ते फक्त सरकारने करायचे कागदोपत्री काम.

या मताचे खंडन करायचे तर आधी ते त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे, आणि त्याचे बळ कमी नाही. युरोपीय संघाने २००८ मध्ये आठ पातळ्यांचा आराखडा तयार केला. ज्ञान, कौशल्य आणि जबाबदारी घेऊन स्वतंत्रपणे काम करण्याची कुवत या तीन अंगांनी त्यात प्रत्येक पातळीचे वर्णन केलेले आहे. २०१७ मध्ये त्याची सुधारणा झाली, तेव्हा युरोपबाहेरच्या देशांचे आराखडे त्याच्याशी ताडून पाहण्याची दिशाही आखली गेली. जर्मनीने २०१३ मध्ये आपला आठ पातळ्यांचा राष्ट्रीय आराखडा लागू केला. त्याच वर्षी डिसेंबरात भारताने आपला जाहीर केला. तो दहा पातळ्यांचा होता. २०२३ मध्ये सुधारून तोही आठ पातळ्यांचा करण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण पाठवण्याचे उद्दिष्ट सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे वार्षिक व्हिसा २०,००० वरून ९०,००० वर नेण्याची घोषणा केली. तिकडे माणसे हवीत, इकडे माणसे आहेत, दोन्हीकडे आठ-आठ पायऱ्या आहेत. मग पायरीला पायरी जोडायला अडचण कसली, असा हा पूर्वपक्ष आहे.

अडचण अशी की युरोपचा आराखडा स्वतःच हे काम करण्याचा दावा करत नाही. तो शिफारशीच्या रूपात आहे, कायद्याच्या नाही. एका देशाची पात्रता दुसऱ्या देशाला समजावी, एवढाच त्याचा हेतू. खुद्द युरोपीय देशांमध्ये एकमेकांच्या व्यावसायिक पात्रतेला कायदेशीर मान्यता मिळते ती वेगळ्याच दस्तऐवजाने, २००५ च्या व्यावसायिक पात्रता निर्देशाने. त्या निर्देशाच्या पाच पातळ्या स्वतंत्र आहेत. परिचारिकेसाठी तो किमान तीन वर्षांचे आणि ४,६०० तासांचे प्रशिक्षण मागतो, आराखड्यातली पातळी मागत नाही. रुमानियाच्या परिचारिकेला फ्रान्सच्या रुग्णालयात नोकरी मिळते ती या तासांच्या जोरावर. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हाँगकाँग यांचे आराखडे युरोपच्या आराखड्याशी ताडून पाहण्याचे काम पूर्वीच झाले आहे. त्यातून एकमेकांची व्यवस्था समजली. कोणाच्याही प्रमाणपत्राला आपोआप मान्यता मिळाली नाही, आणि तसा उद्देशही नव्हता. सातबाऱ्यावर शेताचे क्षेत्र कळते, जमिनीचा कस कळत नाही. पातळीचा आकडा तेवढेच सांगतो.

आता आपल्या आकड्याकडे पाहू. आयटीआयच्या दोन वर्षांच्या फिटर ट्रेडच्या जुन्या अभ्यासक्रम-पुस्तिकेवर पातळी ५ छापलेली आहे. २०२२ मध्ये सुधारलेल्या पुस्तिकेवर पातळी ४ आहे. इलेक्ट्रिशियनचेही तसेच. एक वर्षाचा वेल्डर चारवरून तीनवर आला. आराखड्याची फेरमांडणी झाली आणि आकडे खाली सरकले. याच सुमारास प्रशिक्षणाचे तासही घटले: वर्षाला १,६०० होते ते १,२०० झाले, जोडीला प्रत्यक्ष कामावरचे १५० तास आले. पातळीची चर्चा होते तेव्हा या घटलेल्या ४०० तासांबद्दल कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. कानशीने जॉब काटकोनात आणायला हात बसावा लागतो, आणि हात तासांनीच बसतो.

जर्मनीत आपल्या फिटरच्या जवळचा ट्रेड म्हणजे औद्योगिक मेकॅनिक. त्याचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, उरलेले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत. त्यांच्या आराखड्यात हा माणूस पातळी ४ वर बसतो. आपला फिटरही आज पातळी ४ वरच. आकडा तोच. एकामागे साडेतीन वर्षांचा कारखाना आहे, दुसऱ्यामागे दोन वर्षांचे वर्कशॉप. उद्या दोन्ही सरकारांनी 'चार बरोबर चार' असे लिहून दिले, तरी श्टुटगार्टजवळचा कारखानदार मुलाला मशीनपुढे उभे करून जे पाहायचे तेच पाहील.

त्याच्याआधी तिथला कायदाही पाहतो. जर्मनीत एप्रिल २०१२ पासून परदेशी व्यावसायिक पात्रता तपासण्याचा स्वतंत्र कायदा आहे. उद्योग आणि व्यापारातल्या ट्रेडसाठी न्यूरेंबर्ग इथली केंद्रीय संस्था अर्ज तपासते, हस्तव्यवसायांसाठी त्या-त्या भागातली चेंबर तपासते. तपासणी पातळीची नसते, विषयांची असते. अर्जदार काय शिकला, किती काळ शिकला, जर्मन ट्रेडमधले कोणते महत्त्वाचे भाग त्याच्या प्रशिक्षणात नाहीत, आणि ती उणीव कामाच्या अनुभवाने भरून निघते का, हे बघितले जाते. त्यावरून पूर्ण मान्यता, अंशतः मान्यता किंवा नकार. अंशतः मान्यता मिळाली तर राहिलेला भाग शिकून घ्यावा लागतो.

मार्च २०२४ पासून आणखी एक वाट उघडली आहे, आणि आपल्याकडे तिच्याबद्दलच सर्वाधिक गैरसमज आहेत. मायदेशात सरकारमान्य प्रशिक्षण घेतलेला, अलीकडच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे त्या कामाचा अनुभव असलेला आणि ठरावीक पगाराची नोकरी हाती असलेला माणूस जर्मन मान्यतेशिवायही जाऊ शकतो. मात्र ते प्रशिक्षण किमान दोन वर्षांचे हवे. म्हणजे शहापूरचा फिटर आणि इलेक्ट्रिशियन या अटीत बसतो, एक वर्षाचा वेल्डर बसत नाही, मग त्याचा हात कितीही चांगला असो. कायद्याने कालावधी मोजला, पातळी विचारलीच नाही. हे सांगितल्याशिवाय वेल्डरच्या पालकांकडून भाषेच्या वर्गाची फी घेणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मग भारतीय माणसाची व्यावसायिक पात्रता युरोपात कुठेच चालत नाही का? चालते, आणि कशामुळे चालते तेच पाहण्यासारखे आहे. आपल्या कोकणातली हजारो मुले जहाजांवर काम करतात. त्यांची प्रमाणपत्रे मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजी शिपिंगच्या, अधिकारात दिली जातात आणि युरोपीय देशांचा झेंडा लावलेल्या जहाजांवर ती मान्य होतात. त्यामागे खलाशांच्या प्रशिक्षणाचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९९५ आणि २०१० मध्ये कडक केलेला. कोणते काम किती काळ केले पाहिजे, कोणती कसोटी दिली पाहिजे, प्रशिक्षणाची नोंदवही कशी भरली पाहिजे, हे सगळे त्यात ठरलेले आहे. युरोपीय सागरी सुरक्षा संस्थेचे तपासनीस बाहेरच्या देशांत येऊन प्रशिक्षण संस्था आणि परीक्षा तपासतात. २०२० च्या तपासणीत फिलिपिन्समध्ये त्रुटी आढळल्या, तेव्हा तिथल्या हजारो खलाशांची मान्यता टांगणीला लागली. सुधारणा करून दाखवल्यावर मार्च २०२३ मध्ये ती टिकली. या व्यवस्थेत विश्वास तपासणीतून येतो, आणि तपासणी संपत नाही.

दुसरे उदाहरण त्या वेल्डरचेच. आखाती देशांत जाणाऱ्या आपल्याकडच्या वेल्डरला मुंबईत ट्रेड टेस्ट द्यावी लागते, हे या भागातल्या कित्येक घरांना ठाऊक आहे. सिक्स-जी म्हणजे पंचेचाळीस अंशात तिरपा धरलेला पाइप, चहूबाजूंनी वेल्ड करायचा. तो जमला की माणसाचा भाव बदलतो. युरोपात वेल्डरची कसोटी आयएसओ ९६०६ या मानकाने होते. तुकडा वेल्ड करायचा, मग त्याची नजरेने, क्ष-किरणांनी, वाकवून किंवा तोडून तपासणी. प्रमाणपत्र मिळाल्यावरही दर सहा महिन्यांनी तो माणूस त्याच कामात असल्याची नोंद करावी लागते, नाहीतर ते बाद. जर्मन वेल्डरलाही यातून सूट नाही. वेल्डरला देशाबाहेर नेणारी पात्रता आज ही आहे, आणि तिच्यात आराखड्याच्या पातळीला जागा नाही. म्हणजे पातळी तीनच्या वेल्डरचा एक दरवाजा जर्मन कायद्याने बंद ठेवला असला, तरी त्याच्या हाताची कसोटी जगभर ओळखली जाते. या कसोटीची सोय आयटीआयच्या वेल्डरला शहापूरमध्येच मिळावी, यासाठी कोणी झगडताना दिसत नाही. पातळी जोडण्याची मागणी मात्र सगळे करतात.

आता उलट बाजूचे मतही घेतले पाहिजे, कारण एक चूक खोडून काढताना दुसरी पदरात घेणे बरे नाही. काही जण म्हणतात, हे आराखडे म्हणजे कागदांचे ढीग, आपल्या पोराच्या हातात कसब आहे, तेवढे पुरे. हे मला मान्य नाही. आराखड्याचा खरा उपयोग देशाच्या आत आहे आणि तो मोठा आहे. जर्मनीने आपल्या आराखड्यात कारागिरांच्या 'माइस्टर' पदवीला आणि विद्यापीठाच्या बॅचलर पदवीला एकाच, सहाव्या पातळीवर बसवले. आसनगावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शहापुरात आयटीआय आहे. या दोन जागी शिकणाऱ्या मुलांकडे गाव कोणत्या नजरेने पाहतो हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची तरतूद आपल्याकडे आहे. आराखड्यामुळे ही वाट रुंद व्हावी, पुढे ती पदवीपर्यंत जावी, आणि फिटरच्या अनुभवाला श्रेयांक मिळावेत. याला मी विरोध करणार नाही, उलट त्याची मागणीच करीन.

दुसरा उपयोग ज्यांच्याकडे कोणतेच प्रमाणपत्र नाही त्यांच्यासाठी आहे. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरून दरवर्षी ठाकूर-कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. गवंडीकाम, सेंट्रिंग, वायरिंग हे कित्येक जण बापाच्या किंवा मुकादमाच्या हाताखाली शिकलेले असतात. फ्रान्सने २००२ च्या कायद्याने अनुभवातून मिळवलेले कसब तपासून त्यावर पूर्ण पात्रता देण्याची सोय केली. युरोपीय संघाने डिसेंबर २०१२ मध्ये सर्व सदस्य देशांना तशी व्यवस्था उभारण्याची शिफारस केली. आपल्याकडेही आधीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची योजना आहे. पण दोन-चार दिवसांचे वर्ग आणि एक छोटी परीक्षा एवढ्याने गवंड्याची पात्रता सिद्ध होत नाही, आणि ठेकेदार त्या कागदाकडे बघून मजुरी वाढवत नाही. युरोपकडून काही घ्यायचे तर आधी हे घ्यावे.

आणि इथल्या मुलांसाठी काय करावे, तर आधी परीक्षा विश्वासार्ह करावी. जर्मनीत व्यवसाय शिक्षणाच्या अंतिम परीक्षेचे मंडळ कायद्याने ठरलेले असते: मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने, सोबत व्यवसाय शाळेचा शिक्षक. शिकवणाऱ्याने एकट्याने पास करायचे नाही. आपल्या परीक्षेत बाहेरचा परीक्षक येतो, पण कारखान्याच्या फोरमनला आणि कुशल कामगाराला हक्काची जागा नसते. ती द्यावी. वासिंदला पोलादाचा मोठा कारखाना आहे, मुरबाडला एमआयडीसी आहे. तिथली माणसे दुरून बोलवावी लागणार नाहीत.

त्यानंतर तास. आयटीआयचे घटलेले तास कारखान्यात भरून निघू शकतात, आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. त्याच्या आजच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे. या पट्ट्यात तीस माणसांचे कारखाने आणि गोदामे थोडी नाहीत. अप्रेंटिसने काय काम केले याची नोंदवही नीट भरली, प्रत्येक कामावर फोरमनची सही घेतली, तर हाच कागद पुढे न्यूरेंबर्गच्या तपासणीत अनुभवाचा पुरावा म्हणून उभा राहू शकतो. दोन वर्षांचा आयटीआय आणि त्यावर एक-दोन वर्षांची खरी अप्रेंटिसशिप झालेला फिटर जर्मन औद्योगिक मेकॅनिकच्या बराच जवळ जातो, मग त्याच्या प्रमाणपत्रावर चार लिहिलेले असो की पाच.

युरोपच्या आराखड्याशी जोडणी व्हायचीच असेल तर ती या सगळ्यानंतर व्हावी. परीक्षेची विश्वासार्हता कशी जपली जाते, याचे उत्तर त्या आराखड्यातही प्रत्येक देशाला द्यावे लागते. आज आपण जोडणी केली तर त्या रकान्यात काय लिहिणार?

शहापूर आणि मुरबाडच्या आयटीआयमध्ये मुले असलेल्या पालकांना माझी विनंती आहे. पातळीबद्दल प्राचार्यांना विचारू नका. तुमच्या मुलाचे यंदाचे प्रात्यक्षिकाचे तास किती भरले, त्याला अप्रेंटिस म्हणून घेणारा कारखाना कोणता, आणि अंतिम परीक्षेत त्याचा जॉब कोण तपासणार, हे विचारा. उत्तर लेखी मागा.