गाउदींचा अपघात : दोष कुणाचा?

सोमवार, ७ जून १९२६. स्पेनमधील बार्सेलोना नगरीत संध्याकाळचे सहा वाजले होते. अंगात विटका, जुनाट कोट, पायांत झिजलेले बूट, केस व दाढी पांढरीशुभ्र, असा एक वृद्ध गृहस्थ पायीच निघाला होता. सांत फेलिप नेरी या जुन्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी व पापनिवेदनासाठी जाण्याचा त्याचा नित्यक्रम होता. ग्रान व्हिया नावाचा रुंद राजरस्ता ओलांडत असताना ३० क्रमांकाच्या ट्रामची त्याला धडक बसली आणि तो बेशुद्ध होऊन कोसळला. तीन दिवसांनी, १० जून रोजी, त्याचा मृत्यू झाला.

हा वृद्ध म्हणजे साग्रादा फामिलिया, अर्थात पवित्र कुटुंबाचे महामंदिर, उभारणारा थोर वास्तुशिल्पी अंतोनी गाउदी. या मृत्यूला जबाबदार कोण, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे. आम्हांला वाटते, त्याचे उत्तर केवळ ट्रामच्या रुळांवर सापडणार नाही.

प्रथम ट्रामचाच विचार करू. आपल्या वडीलधाऱ्यांना मुंबईची ट्राम आठवत असेल. ९ मे १८७४ रोजी तिथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. बार्सेलोनात घोड्यांची ट्राम १८७२ साली अवतरली आणि १८९९ पासून विजेवर धावू लागली. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरत धावते, म्हणून ओढायला शक्ती कमी लागते. पण त्याच कारणाने गाडी चटकन थांबतही नाही. मोटारीचा चालक चक्र फिरवून बाजूला होऊ शकतो. ट्रामचालकापुढे रूळ जिकडे नेतील तिकडे जाण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय जाणारी व येणारी ट्राम शेजारशेजारच्या रुळांवरून धावते. एकीला चुकवताना माणूस दुसरीच्या वाटेत येतो. गाउदींच्या बाबतीत असेच घडले, असे सांगितले जाते.

त्या ट्रामचालकाच्या सांगण्यावरून चरित्रकार नमूद करतात ते असे : एक दारुडा भटक्या, इकडेतिकडे न पाहता, गाडीपुढे आला. त्याला बाजूला सारून गाडी पुढे निघून गेली. चालकाचे पहिले म्हणणे सर्वस्वी खोटे होते, असे आम्ही म्हणणार नाही. त्र्याहत्तर वर्षांचा तो वृद्ध आपल्याच चिंतनात गढलेला होता, हे संभवनीय आहे. अंगावर येणाऱ्या गाडीकडे लक्ष न देणाऱ्याचा दोषही असतोच. धडकेपुरते बोलायचे तर चालक, पादचारी आणि दाट वस्तीतून रूळ नेणारे नगर यांच्यात हा दोष वाटून द्यावा लागेल. आणि कुणाच्याच वाट्याला तो फार मोठा येणार नाही.

परंतु 'दारुडा' आणि 'भटक्या' हे दोन शब्द कुठून आले? गाउदी मद्यपी नव्हते. अन्नपाण्याविषयीचा त्यांचा संयम प्रसिद्ध होता. हे शब्द त्यांच्या कपड्यांवरून आले. येथून दोषाचा दुसरा अध्याय सुरू होतो, आणि तो धडकेपेक्षा अधिक गंभीर आहे.

रस्त्यावर पडलेल्या त्या देहाजवळ ओळखीची कागदपत्रे नव्हती. टॅक्सीवाल्यांनी त्याला गाडीत घेण्यास नकार दिला. रक्ताने माखलेला भिकारी. भाडे कोण देणार आणि गाडी कोण धुणार? तरीही सारे नगर पाठ फिरवून गेले, असे मात्र नाही. जवळून जाणारे वाटसरू मदतीला थांबले. अखेरीस एका शिपायाने टॅक्सीची सोय करवली आणि जखमी वृद्धाला सांता क्रेऊ, म्हणजे पवित्र क्रूसाच्या रुग्णालयात पोहोचवण्यात आले. ते गोरगरिबांचे, १४०१ साली स्थापन झालेले रुग्णालय. तिथे एका निनावी, निराधार रुग्णाला जेवढे उपचार मिळायचे तेवढेच त्यांना मिळाले.

इकडे गाउदी परतले नाहीत, म्हणून साग्रादा फामिलियाचे धर्मगुरू जिल पारेस काळजीत पडले आणि शोधास निघाले. सामान्य कक्षातील त्या वृद्धाला जेव्हा त्यांनी ओळखले, तेव्हा प्रकृती हाताबाहेर गेलेली होती. बरगड्या मोडल्या होत्या, मेंदूला मार बसला होता. गाउदींना अंतिम संस्कार देण्यात आले. दुसऱ्या, अधिक चांगल्या ठिकाणी हलवण्याचा विचार पुढे आला तेव्हा आपली जागा गरिबांमध्येच आहे, असा त्यांनी आग्रह धरला, अशी आठवण सांगितली जाते.

या ठिकाणी एक गोष्ट मनाला चटका लावते. जिथे अपघात झाला तिथून हाकेच्या अंतरावर कास्प रस्त्यावर 'कासा काल्वेत' ही गाउदींनीच बांधलेली इमारत आहे. १९०० साली नगरपालिकेने शहरातील सर्वोत्तम वास्तू म्हणून तिला पारितोषिक दिले होते. ज्या नगराने वास्तूचा गौरव केला, त्याच नगराला तिच्या सावलीत पडलेला तिचा निर्माता ओळखता आला नाही. १२ जून रोजी अंत्ययात्रा निघाली तेव्हा मात्र रस्ते दुतर्फा माणसांनी भरून गेले होते. साग्रादा फामिलियाच्या तळघरातील चर्चमध्ये, कार्मेल मातेच्या कपेलात, त्यांना पुरण्यात आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोष कुणाचा, ही चौकशी केव्हा सुरू झाली? जखमीचे नाव कळल्यावर. समजा, ट्रामखाली आलेला तो माणूस खरोखरच भिकारी असता. तर मग टॅक्सीवाल्यांचा नकार कुणाच्या स्मरणात राहिला असता काय? रुग्णालयातील अपुऱ्या उपचारांविषयी कुणी लिहिले असते काय? त्या शहरात त्या काळी ट्रामखाली आलेल्या इतरांची नावे आज कुणाला सांगता येतील? 'अरेरे, आम्हांला ठाऊक नव्हते, ते गाउदी होते!' या हळहळीतच अपराधाची कबुली आहे. कारण तिचा अर्थ असा होतो की, ते गाउदी नसते तर आमचे काही चुकले नसते.

प्रभू येशूने सांगितलेल्या दृष्टान्तात यरीहोच्या वाटेवर पडलेल्या माणसाला नाव नाही, हे आपल्या लक्षात येते का? तो कोण, कुठला, सज्जन की दुर्जन, याचा एकही तपशील प्रभू देत नाही. लुटारूंनी त्याचे कपडेही काढून नेले होते. कपड्यांवरून त्याची पारख करण्याची सोयही उरली नव्हती. शोमरोनी माणसाने केवळ जखमा पाहिल्या.

आम्ही हे उंच व्यासपीठावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी, एका पहाटे दुसऱ्या गावी मिस्सासाठी जात असताना रस्त्याच्या कडेला चारपाच माणसे उभी दिसली. खाली कुणीतरी पडले होते. उशीर झाला होता. 'दारू पिऊन पडला असेल, माणसे आहेतच जवळ,' असे मनाशी म्हणून आम्ही गाडी थांबवली नाही. परतताना तिथे कुणी नव्हते. तो कोण होता, जगला की नाही, हे आम्हांला आजतागायत ठाऊक नाही. गाउदींचा वृत्तान्त वाचताना ट्रामचालकाचा तो शब्द आम्ही आमच्याच तोंडून ऐकला.

पोलीस, साक्ष, कोर्टकचेरी यांच्या भीतीने आपल्याकडे माणसे मागे सरतात, हे खरे आहे. परंतु ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४ अ हे कलम आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. कायद्याने वाट मोकळी केली आहे. ही माहिती आपल्या घरातील तरुणांना, विशेषतः रोज दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या मुलामुलींना, जरूर सांगावी.

१४ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी गाउदींच्या सद्गुणांना मान्यता दिली आणि ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' म्हटले. संतपदाच्या वाटेवरील ही पायरी. उद्या कदाचित त्यांची प्रतिमा आल्तारावर येईल आणि आपण तिच्यापुढे मेणबत्ती लावू. त्या वेळी त्यांच्या अंगातला विटका कोट आठवावा. तसाच कोट घातलेला माणूस आपल्या रस्त्यावर पडलेला दिसेल, तेव्हा त्याचे नाव विचारण्याआधी त्याला उचलण्यासाठी वाकावे.