समुद्रोल्लंघनाची तयारी : तेव्हाची व आताची

स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली तेव्हा आम्ही पारपत्राच्या अर्जात गुंतलो होतो. धाकटी कन्या जर्मनीत असते. तिच्या आग्रहावरून, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आम्हा उभयतांचे प्रथमच परदेशी जावयाचे ठरले आहे. अर्जासोबत शाळेचा दाखला जोडला. त्यावर आमची जन्मतारीख १ जून आहे. ती आमच्या गुरुजींनी घातली, कारण तीर्थरूपांस तिथी ठाऊक होती, तारीख नव्हती. पुढे आम्हीही शिक्षक झालो आणि अजिंठ्याच्या पंचक्रोशीतील कित्येक बालकांस ह्याच एका दिवशी जन्मास घातले! असो.

अर्ज लिहिताना एक गोष्ट मात्र मनात राहिली. आईचे नाव, बापाचे नाव, राहण्याचे ठिकाण, सर्व त्यात विचारलेले आहे. जात व गोत्र कोठेच नाही. शंभर वर्षांमागे समुद्रापलीकडे निघालेल्या गृहस्थास पहिला प्रश्न हाच होत असे. ज्ञातीच्या स्मरणिकेत ह्याविषयी लिहिणे आम्हास उचित वाटते, त्याचे कारण पुढे येईल.

आमच्या गावाहून घाट उतरून फर्दापुरावरून गेले की वाघूर नदीच्या कड्यातील लेणी लागतात. त्यांतील दुसऱ्या लेण्यात एक गलबत रंगविलेले आहे. रंग आता मंद झाले आहेत, तथापि तीन डोलकाठ्या, त्यांवरील शिडे आणि हारीने मांडलेले घडे नीट पाहणारास दिसतात. चित्र पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि कथा पूर्णाची. हा पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे हल्लीच्या नालासोपाऱ्याचा. व्यापाऱ्याच्या घरी दासीच्या पोटी जन्मलेला. त्याने वारंवार समुद्रपर्यटन करून द्रव्य मिळविले व पुढे भिक्षू झाला. त्याचा भाऊ चंदन आणावयास गेला असता गलबत वादळात सापडले, भावाने त्याचे स्मरण केले आणि पूर्णाने त्यास तारिले, अशी ती कथा आहे. आम्ही मुलांस सहलीस नेत असू तेव्हा त्यांची दृष्टी वादळाकडे जाई. आमची त्या घड्यांकडे. समुद्रावर पाणी अपार, पण पिण्यास थेंब नाही, हे जाणून ज्या कोणी ते घडे भरून घेतले त्याची प्रवासाची तयारी पक्की होती. त्याला परत आल्यावर पंक्तीत घ्यावे की नाही, असा प्रश्न कथेत नाही.

तो प्रश्न शास्त्रकारांनी काढिला. बौधायनाने समुद्रप्रवास पातकांत गणला. मनूने समुद्रयात्रा करणारास श्राद्धास बोलावू नये म्हटले. आणि कलिवर्ज्यांत तर प्रायश्चित्त घेऊन शुद्ध झालेल्या द्विजाशीही संसर्ग नको, येथवर गोष्ट गेली. मात्र गरज राज्यकर्त्यांची असली की वाट निघते. राघोबादादांनी आपला वकील हनुमंतराव ह्यास इंग्लंडास धाडले. तो १७८१ साली तेथे होता. सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून एडमंड बर्क ह्या प्रसिद्ध वक्त्याने आपल्या बागेतील झाडे राखण्याचे काचघर त्याच्या स्वाधीन केले. विलायतेस गेलेल्या ह्या ब्राह्मणांस परत आल्यावर सुवर्णाच्या योनीतून काढून पुनर्जन्म दिला, असे विल्फर्ड नावाच्या गृहस्थाने लिहून ठेविले आहे. ज्याच्यापाशी इतके सुवर्ण नाही त्याने काय करावे?

सामान्य गृहस्थाच्या घरातून झालेली तयारी पाहावयाची तर डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांची पाहावी. जन्म ३१ मार्च १८६५, कल्याणचा. नवव्या वर्षी विवाह. तान्हे मूल दहा दिवसांत गेले, आणि तेथून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस. त्यांनी अमेरिकेतील एका मिशनरी गृहस्थास धाडलेले पत्र तिकडील मासिकात छापले गेले. ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर ह्यांनी दाताच्या वैद्याकडे खोळंबून बसल्या असता वाचले. एवढ्या धाग्यावर पुढचे सारे विणले गेले. पित्याने घातलेल्या सोन्याच्या बांगड्या प्रवासखर्चासाठी मोडल्या, असे सांगतात.

परंतु त्या तयारीतील खरे धैर्याचे कृत्य आम्हास वाटते ते २४ फेब्रुवारी १८८३ चे. गोपाळरावांची बदली तेव्हा बंगाल्यात श्रीरामपुरास होती. तेथील कॉलेजच्या दिवाणखान्यात, लोक रस्त्यात टवाळी करीत असता, अठरा वर्षेही पुरी न झालेल्या ह्या मुलीने उभे राहून आपण अमेरिकेस का जात आहो हे इंग्रजीत सांगितले. ज्ञातीने बहिष्कार घातला तर? ह्या आक्षेपासही तिने बगल दिली नाही. मी आपले आचार सोडणार नाही, हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, मग बहिष्काराचे भय का धरू, असा तिचा आशय होता. लपून निघून जाणारे पुष्कळ झाले. आधी सांगून जाणारे थोडे. ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' ह्या आगबोटीने ती निघाली. पती सोबत नव्हते. मिशनरी बायांची सोबत होती. आहार शाकाहारी, वेष लुगड्याचा. ४ जूनला न्यूयॉर्क आले. पुढे थंडीत नऊवारीने पोटऱ्या झाकेनात, तेव्हा तिने गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला. वेष टाकला नाही. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली होती, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास तिचा अंत झाला. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली व न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली.

आता आमच्या घरची हकीकत. आमच्या आजोबांचे थोरले बंधू पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जळगावाहून मुंबईस व तेथून आगबोटीने बसऱ्यास गेले. लढणारे नव्हते; रसद खात्यात कारकून होते. त्यांच्या तयारीविषयी घरात एवढेच सांगत, की ट्रंकेत दोन धोतरे, भाजलेल्या डाळीचे पीठ, आणि पाणी दुसऱ्याच्या भांड्यातून पिणे नको म्हणून फिरकीचा पितळी तांब्या. म्हणजे आचार त्यांनीही सोडला नव्हता. तीन वर्षांनी परत आले, प्रायश्चित्तही घेतले. तरी पुढच्या वर्षी घरच्याच लग्नात पंचांच्या सांगण्यावरून त्यांचे पान ओसरीवर वेगळे मांडले गेले. पंचांची नावे लिहून आता काय साधणार? लिहावयाचे ते हे, की ते पान मांडले आमच्या सख्ख्या आजोबांनी, आणि स्वतः आत पंक्तीत बसले. थोरले आजोबा उठून गेले ते पुन्हा ह्या घरी जेवले नाहीत. तांब्या मागे राहिला. त्याचे पाणी माणसांनी प्यायले नाही. आमच्या लहानपणी तो गोठ्यात असे.

सामाजिक बहिष्कारास शिक्षा सांगणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा. तो २०१७ च्या जुलैत अमलात आला. तोवर आमच्या घरातील दोघेही भाऊ केव्हाच गेले होते. ज्ञातीच्या वंशावळीच्या वहीत आमच्या कुळापुढे मात्र अद्याप एकाच भावाची शाखा लिहिलेली आहे. आम्ही ती स्वतः चाळून पाहिली. थोरल्यांच्या जागी टाकाचा एक ओरखडाही नाही, जणू तो पुरुष जन्मलाच नव्हता. त्यांची पणतवंडे आज नाशकास आहेत. गेल्या दिवाळीत आम्ही जाऊन आलो. प्रथम जरा अवघडलो, मग जेवणे झाली. त्यांचे नाव, मुलांची नावे व जन्मसाले आम्ही निराळ्या कागदावर लिहून ह्या लेखासोबत चिटणीसांच्या हाती दिली आहेत. ती वहीत, आजोबांच्या नावाच्या वर, लिहून घ्यावी ही विनंती.

विमानात माणशी तेवीस किलो वजन नेता येते. सौभाग्यवतींनी मेतकूट, गोडा मसाला व कन्येसाठी खारकांचे लाडू काढून ठेविले आहेत. तांब्या चिंचेने घासून आम्ही ट्रंकेत घातला होता. वजनाकरिता तो काढावा, असे मुलाचे म्हणणे आहे. मसाला काढा, तांब्या राहू द्या, असे आम्ही त्यास सांगितले.