जखमीपर्यंत पोहोचणारा डॉक्टर

देवळालीची छावणी नाशिककरांच्या रोजच्या परिचयाची आहे. तोफखान्याच्या प्रशिक्षणाचे ठिकाण म्हणून ती सर्वांना ठाऊक असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे लष्कराची मोठी रुग्णालये होती, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. त्या वेळी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हिंदी आणि ब्रिटिश फौजा तुर्कांशी लढत होत्या. तिथल्या जखमी व आजारी सैनिकांपैकी अनेकांना तैग्रिस नदीतून बसऱ्याला, तिथून जहाजाने मुंबईला आणि मुंबईहून आगगाडीने कसाऱ्याचा घाट चढून देवळालीला आणले जाई.

भूगोलाच्या तासाला नकाशा काढून हा मार्ग बोटाने गिरवून पाहावा. मग एक प्रश्न आपोआप सुचतो. रणांगणापासून खाटेपर्यंतच्या या प्रवासात जितका वेळ जाई, तितक्या वेळात जखमेत काय घडत असे? युद्धातल्या डॉक्टरचा इतिहास हा बऱ्याच अंशी या एका प्रश्नाचा इतिहास आहे. तो समजून घेण्यासाठी आपण आधी प्रयोगशाळेत जाऊ, मग मेसोपोटेमियात, आणि शेवटी सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरबरोबर चीनमध्ये.

जखमेतले घड्याळ

१८९८ मध्ये पॉल फ्रीडरिख या जर्मन शल्यवैद्याने गिनीपिगांवर एक साधा प्रयोग केला. प्राण्यांना जखम करून तिच्यात बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ भरायची. नंतर ठरावीक तासांनी जखमेच्या कडा, म्हणजे मळलेली व मेलेली ऊती, कापून काढायची. सुमारे सहा तासांच्या आत असे केले तर प्राणी वाचत. आठ तास उलटून गेल्यावर तीच शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरे.

याचे कारण वर्गात फळ्यावर मांडता येते. जखमेत १०० जिवाणू शिरले आणि दर अर्ध्या तासाला ते दुप्पट होतात असे धरू. सहा तासांत बारा वेळा दुप्पट होऊन ते सुमारे ४ लाख १० हजार होतील. बारा तासांत चोवीस वेळा दुप्पट होऊन ही संख्या सुमारे १६८ कोटींवर जाईल. प्रत्यक्ष शरीरात वाढ इतकी सरळ नसते. जिवाणूंना रुळायला थोडा वेळ लागतो, पांढऱ्या पेशी त्यांचा फडशा पाडत असतात, अन्नही मर्यादित असते. तरीही वाढीचा रोख कळायला हा हिशोब पुरेसा आहे. सुरुवातीचे काही तास जिवाणू जखमेच्या पृष्ठभागाजवळ असतात, तोवर सुरीने त्यांना हटवता येते. नंतर ते खोलवर पसरतात.

युद्धातली जखम चाकूच्या जखमेपेक्षा वेगळी असते. तोफगोळ्याचा तुकडा आपल्याबरोबर कपड्याच्या चिंध्या आणि शेतातली खताची माती आत नेतो, आणि आजूबाजूचा स्नायू चेचून मारून टाकतो. मेलेल्या स्नायूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे प्राणवायू पोहोचत नाही. धनुर्वाताचे आणि वायुकोथाचे जिवाणू नेमके अशाच, प्राणवायू नसलेल्या जागी वाढतात. म्हणूनच पहिल्या महायुद्धातल्या शल्यवैद्यांनी एक नियम शिकून घेतला: मेलेली ऊती लवकर कापून काढा, जखम उघडी ठेवा आणि टाके घालण्याची घाई करू नका. पेनिसिलिन अजून खूप दूर होते. फ्लेमिंग यांना ते १९२८ मध्ये दिसले आणि त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन व्हायला दुसऱ्या महायुद्धाची अखेर उजाडली.

वैद्य कुठे उभा असावा?

हा प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘युक्तसेनीय’ नावाचा अध्याय आहे. छावणीत वैद्याचा तंबू राजाच्या तंबूजवळ असावा आणि त्यावर ध्वज असावा, म्हणजे पीडितांना तो लांबून दिसेल, असे तिथे सांगितले आहे. येणारा रुग्ण आहे आणि वैद्य आपल्या जागी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्यातही रुग्णवाहिका लढाई संपेपर्यंत काही किलोमीटर मागे थांबत. जखमींना एक दिवस तसेच पडून राहावे लागे. दोमिनिक लारे या शल्यवैद्याने १७९२ नंतर घोड्यांच्या हलक्या गाड्या थेट लढाईच्या जागी नेऊन ही रीत बदलली. शिवाय हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहून क्रम ठरवायचा, हेही त्याने रूढ केले.

एवढे ज्ञान हाती असूनही नोव्हेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे मोठी लढाई झाली. वैद्यकीय तयारी काही शे जखमींपुरती होती. जखमी झाले साडेतीन हजारांहून अधिक. स्प्रिंग नसलेल्या दोन चाकी मालगाड्यांतून, मोडलेल्या हाडांसह, त्यांना नदीकाठी आणले गेले. ‘मेजिदिया’ नावाच्या बोटीवर सुमारे सहाशे जण कोंबले होते. ती बसऱ्याला पोहोचेपर्यंत जवळजवळ दोन आठवडे गेले. तोवर अनेकांच्या जखमांना पहिल्यानंतर दुसरी पट्टीही लाभली नव्हती.

बोट धक्क्याला लागली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर तिथे होते. पाहिले ते त्यांनी आडपडदा न ठेवता लिहून कळवले. वरिष्ठांनी त्यांना नसती ढवळाढवळ करणारा ठरवले आणि कारवाईची धमकीही दिली. पण बातमी दडली नाही. चौकशी आयोग नेमला गेला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. लढाईत डॉक्टरला केवळ शस्त्र चालवून भागत नाही, आपल्याच वरिष्ठांसमोर खरे आकडे ठेवण्याचे धैर्यही लागते, हे आम्हाला या प्रकरणातून विशेष जाणवते.

सोलापूरहून उत्तर चीनला

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनानी जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. जनतेकडून निधी जमवून पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून निघाले. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, म्हणजे निघताना ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून ते पुढच्या परीक्षेची तयारी करत होते. लष्करी शिक्षण त्यांना नव्हते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. १९४० मध्ये कोटणीस आणि बसू जपानी ठाण्यांच्या वेढ्यातल्या उत्तर चीनच्या डोंगराळ भागात आठव्या मार्ग सेनेबरोबर दाखल झाले. तिथे एका कॅनेडियन शल्यवैद्याने आधीच पायवाट पाडून ठेवली होती. त्यांचे नाव नॉर्मन बेथ्यून. स्पेनच्या यादवी युद्धात १९३६ मध्ये त्यांनी रक्ताच्या बाटल्या आघाडीपर्यंत नेणारी सेवा उभी केली होती. चीनमध्ये त्यांचा आग्रह एकच होता: जखमी आपल्याकडे येण्याची वाट पाहायची नाही, आपण त्याच्याकडे जायचे. त्यासाठी त्यांनी खेचरांच्या पाठीवर बसणारे, पुलाच्या आकाराचे खोगीर तयार करवून घेतले. त्यात सुमारे शंभर शस्त्रक्रियांचे सामान मावे. युद्धाची ठिणगी ज्या पुलापाशी पडली, त्या लुगोउ पुलाचेच नाव त्याला मिळाले. एप्रिल १९३९ मध्ये एका लढाईत आघाडीपासून थोड्याच अंतरावरच्या देवळात त्यांनी ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या.

कोटणीसांनी हीच पद्धत उचलली. १९४० च्या शरद ऋतूतल्या मोठ्या मोहिमेत तेरा दिवसांत त्यांच्या पथकाकडे आठशेहून अधिक जखमी आले. त्या लढायांच्या काळात त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात.

डॉक्टरचे शरीर

हा आकडा वाचून आपण कौतुक करतो आणि पुढे जातो. जरा थांबून त्याचा अर्थ पाहू. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की सलग २४ तास जागलेल्या माणसाच्या हाताडोळ्यांचा मेळ, रक्तात ०.१ टक्का मद्यार्क असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्याकडे वाहनचालकाला कायद्याने मुभा आहे ती ०.०३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे जखमीचे तास वाचवायचे तर डॉक्टरने आपली झोप खर्चायची, आणि झोप खर्चली की हात चुकण्याचा धोका वाढतो. रणांगणावरच्या डॉक्टरची खरी कोंडी ही आहे. थांबावे तर बाहेर ओळीत पडलेल्यांचे घड्याळ थांबत नाही. न थांबावे तर टेबलावरच्या माणसाला धोका.

धोका केवळ रुग्णालाच असतो असे नाही. ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस शत्रू जवळ आलेला असताना घाईने शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांचे बोट कापले. हातात रबरी मोजे नव्हते. काही दिवसांनी दूषित जखमेवर काम करताना त्या बोटात संसर्ग शिरला. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी रक्तात जंतुविष पसरून ते वारले. सल्फा औषधे जगात उपलब्ध झाली होती, पण नाकेबंदीतल्या त्या डोंगरांत औषधांचा सतत तुटवडा होता. फ्रीडरिखच्या गिनीपिगांना लागू असलेला नियम शल्यवैद्याच्या बोटालाही तसाच लागू होता.

शिकवणारा डॉक्टर

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणीसांकडे आले. रुग्णालय म्हणजे दगडी इमारत नव्हे. जखमी गावातल्या घरांत विखुरलेले असत, शत्रूची मोहीम निघाली की सगळे हलवावे लागे. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती. शिक्षक वाचकांना कोटणीसांच्या कामाचा हा भाग सर्वांत जवळचा वाटेल असे आम्हाला वाटते.

एक डॉक्टर एका वेळी एकाच जखमीपाशी असू शकतो. वेळेचे गणित सोडवायचे तर हात वाढवावे लागतात. शेतकऱ्यांच्या मुलांना रक्तस्राव थांबवायला, मोडलेल्या हाडाला आधार द्यायला, जखम स्वच्छ करायला शिकवले, तर डॉक्टर येण्याआधीच उपचार सुरू होतात. त्यासाठी त्यांच्या भाषेत शिकवायला हवे. मुंबईत इंग्रजीतून वैद्यक शिकलेले कोटणीस काही वर्षांत चिनी बोलू, वाचू आणि शिकवू लागले. शस्त्रक्रियेच्या मूलतत्त्वांवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहिले आणि लगेच दुसरे हाती घेतले.

ते दुसरे पुस्तक पूर्ण झाले नाही. १९४१ मध्ये त्यांनी तिथल्याच परिचारिका-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला होता. १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा मृत्यू झाला. वय बत्तीस. पथकातले बाकीचे चौघे मायदेशी परतले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे नाव घरोघर पोहोचले. त्यांचे पाठ्यपुस्तक मात्र आपल्याकडे क्वचितच कोणाच्या बोलण्यात येते.

आपल्या रस्त्यांवरचे घड्याळ

युद्धात शिकलेली गोष्ट पुढे शांततेच्या काळातही उपयोगी पडली. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला आज ‘गोल्डन अवर’ म्हणतात. २०१९ मध्ये आपल्या मोटार वाहन कायद्यातही ही संज्ञा आली. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्या नागरिकाला त्याच कायद्याने संरक्षण दिले. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. तरीही पहिला हात जवळच्या माणसाचाच असतो. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे, ते भिजले तरी न उचलता वरून दुसरे ठेवायचे, माती किंवा शेण कधीही लावायचे नाही, आणि डॉक्टरांकडून धनुर्वाताची लस घ्यायची. नववी-दहावीच्या मुलांना हे एका तासात शिकवता येते.

त्याबरोबर एक प्रकल्पही देता येईल. आपल्या शाळेजवळच्या हमरस्त्यावरची एक जागा निवडा. तिथून प्रथमोपचार मिळेल असे सर्वांत जवळचे ठिकाण, रक्त मिळेल असे ठिकाण आणि शस्त्रक्रिया होऊ शकेल असे ठिकाण यांची अंतरे किलोमीटरमध्ये काढा, मग मिनिटांमध्ये. दिवसा किती, रात्री किती, पावसाळ्यात घाट बंद असेल तर किती, हेही लिहा. इगतपुरी, पेठ आणि नाशिक शहर यांची उत्तरे सारखी येणार नाहीत. तो फरक तक्त्यात मांडून ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला जरूर दाखवावा.