शर्यतीची जमीन

सिडको या शहर विकास महामंडळाची स्थापना 1970 साली होऊन नवी मुंबईची आखणी सुरू होण्यापूर्वी खारघर हा ओवे, मुर्बी, कोपरा, बेलपाडा अशा आगरी वस्तीच्या गावांचा भातशेतीचा पट्टा होता. रायगडच्या अशा गावांत बैलगाडा शर्यत, म्हणजे हलक्या गाड्याला जुंपलेल्या बैलांची धाव, हा केवळ खेळ नव्हता. जनावराची निगा आणि गावाची पत तिथे एकत्र जोखली जात असे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली या शर्यतींवर घातलेली बंदी 2021 साली सशर्त उठली आणि 2023 साली घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. परंतु खारघरची खाचरे तोवर इमारतींखाली गेली होती, आणि टेकड्यांच्या पायथ्याशी सिडकोचे गोल्फ मैदान पसरले होते.